नागाचं विष, गुडघ्याची गोळी आणि दमा

(श्रावणात फोंडा तालुक्यातल्या एका वाचनालयात दिलेलं व्याख्यान. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी मजकूर बोलला तसाच ठेवला आहे.)

मंडळी, नमस्कार. एवढ्या पावसातून आलात, छत्र्या निथळत ठेवून बसलात, त्याबद्दल आधी आभार मानते.

परवाच नागपंचमी झाली. बहुतेकांच्या घरी हळदीच्या पानांत पातोळ्या झाल्या असतील. मला बोलायचंय दम्याबद्दल, पण सुरुवात नागापासूनच करते. हे ओढूनताणून आणलेलं नाही. दम्यात छातीच्या आत नेमकं काय घडतं हे कळण्याची एक मोठी वाट खरोखरच नागाच्या विषातून गेली आहे.

साल १९३८. ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न. चार्ल्स केलावे नावाचे संशोधक तिथे सर्पविषांवर काम करत होते. त्यांच्या जोडीला होते विल्हेल्म फेल्डबर्ग. ज्यू असल्यामुळे १९३३ साली बर्लिनमधली जागा गेलेला आणि लंडनमार्गे तिथवर पोचलेला हा माणूस. या दोघांनी गिनीपिगच्या फुप्फुसांतून नागाचं विष वाहवलं आणि फुप्फुसांतून बाहेर पडलेलं पाणी गिनीपिगच्याच आतड्याच्या तुकड्यावर घालून बघितलं. आतड्याचा तुकडा आकसला. तो हिस्टामिनमुळे, म्हणजे अ‍ॅलर्जीत पेशींतून सुटणाऱ्या एका रसायनामुळे, आकसणार हे त्यांना माहीत होतं. पण हिस्टामिनने तुकडा झटकन आकसतो आणि झटकन सैल पडतो. इथे त्याच्या मागोमाग दुसरंच एक आकसणं दिसलं. सावकाश चढणारं आणि चढलं की उतरायचं नाव न घेणारं. या अनोळखी पदार्थाला ‘हळू काम करणारा पदार्थ’ एवढंच नाव मिळालं. दोन वर्षांनी केलावे यांच्याच प्रयोगशाळेत दिसलं की हे करायला विष लागतच नाही. ज्या प्राण्याला एखाद्या गोष्टीची अ‍ॅलर्जी आहे, त्याच्या फुप्फुसाला ती गोष्ट नुसती दाखवली तरी तोच पदार्थ बाहेर पडतो.

म्हणजे विष जे करतं, ते आपलं शरीर स्वतःचं स्वतःला करू शकतं. मी विद्यार्थिनी असताना हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला माझी आजी आठवली. पावसाळ्यातल्या रात्री ती खाटेवर उशांची चळत करायची, तिच्यावर हात टेकून पुढे वाकून बसायची. कौलांवर पाऊस, आणि त्या आवाजातही तिच्या छातीतली शिट्टी आम्हा मुलांना पलीकडच्या खोलीत ऐकू यायची. संध्याकाळी घेतलेल्या काढ्याने थोडं बरं वाटायचं, आणि पहाटे तीनला पुन्हा तेच. ते ‘चढलं की न उतरणारं’ आकसणं मी प्रयोगशाळेच्या आधी घरातच बघितलं होतं.

आता विष करतं काय, ते बघू. आपल्या प्रत्येक पेशीला एक आवरण असतं, आणि ते मुख्यतः स्निग्ध पदार्थांचं असतं. चरबी म्हटलं की आपल्याला पोट आठवतं, तूप आठवतं. ही चरबी वेगळी. तिचा एकेक रेणू म्हणजे एक डोकं आणि दोन शेपट्या. असे रेणू दोन थरांत दाटीवाटीने उभे राहतात आणि त्याचंच पेशीचं आवरण होतं. यातल्या बऱ्याच रेणूंची एक शेपटी असते अ‍ॅराकिडोनिक आम्लाची. वीस कार्बनची साखळी, चार ठिकाणी दुहेरी बंध. जोवर ती आवरणात बांधलेली आहे तोवर गरीब गाय. नागाच्या विषात फॉस्फोलायपेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते ही शेपटी कापून सुटी करतं. आणि अगदी त्याच जातीचं विकर आपल्या पेशींच्या आतही आहे, हुकमाची वाट बघत बसलेलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर हे विकर म्हणजे पाडेली. पाडेलीने माडावरून नारळ उतरवून दिला की त्याचं काम संपलं. पुढे त्या नारळाचा रस काढून माशांचं हुमण करायचं, की सुकवून घाण्याला द्यायचा, हे तो कोणाच्या हाती पडतो त्यावर ठरतं. अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटं झालं की त्याच्यासमोरही मुख्य वाटा दोन. सायक्लोऑक्सिजनेज हे विकर भेटलं तर त्याचे प्रोस्टाग्लँडिन होतात. लायपॉक्सिजनेज भेटलं तर ल्युकोट्राइन. या दोन वाटा लक्षात ठेवा, पुढची सगळी गोष्ट त्यांच्या भांडणाची आहे.

मेलबर्नच्या त्या हळू पदार्थाचं रूप कळायला १९७९ साल उजाडलं. स्वीडनमध्ये बेंग्ट सॅम्युएल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो एकटा नाही, ते एक कुटुंबच आहे, आणि ‘ल्युकोट्राइन’ हे नावही त्यांनीच दिलं. पांढऱ्या पेशींतून निघणारे, ओळीने तीन दुहेरी बंध असणारे, म्हणून ल्युकोट्राइन. चाळीस वर्षं का लागली? कारण हा माल शरीर साठवून ठेवत नाही. अतिशय थोडा बनतो आणि लगेच मोडतो. १९८२ साली सॅम्युएल्सन, सुने बर्गस्ट्रोम आणि जॉन व्हेन या तिघांना नोबेल मिळालं. व्हेन यांचं नाव ध्यानात ठेवा, त्यांच्याकडे परत यायचंय.

तर आता आपल्या घरात या. चार महिने पाऊस, कापसाची गादी ओलसर, उन्हात टाकायला ऊन नाही. अशा गादीत धुळीतले अतिसूक्ष्म किडे सुखाने राहतात. त्यांना हवी असते दमट हवा आणि आपल्या कातडीचा गळलेला कोंडा. आपण गोंयकार दोन्ही भरपूर पुरवतो. या किड्यांच्या विष्ठेतली प्रथिनं श्वासातून आत जातात. बहुतेकांना काही होत नाही. पण काहींच्या शरीरात त्या प्रथिनांविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं आधीच तयार होऊन बसलेली असतात, श्वासनलिकेच्या अस्तरात पहाऱ्यावर असणाऱ्या मास्ट नावाच्या पेशींच्या अंगावर. किड्याचं प्रथिन त्यांना जोडून बसलं की मास्ट पेशी पेटते.

पेटल्यावर ती दोन प्रकारचा माल बाहेर टाकते. हिस्टामिन तिच्याकडे तयारच असतं, कणांत भरून ठेवलेलं. आपलं पुरुमेंत असतं ना, मे महिन्यात सुकी सुंगटं, कोकम, मिरच्या भरून ठेवायच्या, तसं. डबा उघडला की झालं. ल्युकोट्राइन आणि प्रोस्टाग्लँडिन मात्र त्याच वेळी चूल पेटवून ताजे रांधले जातात, पेशीचं स्वतःचं आवरण कापून. म्हणून हिस्टामिन क्षणात येतं आणि ओसरतं. रांधलेला माल काही मिनिटांनी येतो आणि रेंगाळतो.

मला बायका नेहमी विचारतात, ‘डॉक्टर, सर्दीची गोळी शिंकांना लागू पडते, मग दम्याला का नाही?’ त्याचं उत्तर इथे आहे. सर्दीची गोळी अडवते हिस्टामिनला. श्वासनलिका आवळण्यात मोठा हात ल्युकोट्राइनचा. माणसाच्या श्वासनलिकेवर ते हिस्टामिनच्या साधारण हजारपट जोरकस आहेत. एका दाण्याचं काम हजार दाण्यांएवढं.

आणि ते नुसतं आवळत नाहीत. यातल्या सी४, डी४, ई४ या तीन भावंडांचा उद्योग बघा. श्वासनलिकेभोवतीचा स्नायू आवळायचा, बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लावायच्या म्हणजे अस्तर सुजतं, चिकट कफ वाढवायचा, आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींना सांगावा धाडायचा. इओसिनोफिल येतात आणि स्वतःच आणखी ल्युकोट्राइन रांधायला बसतात. म्हणून संध्याकाळी जुनी चादर झटकली, थोडी धाप लागली, बरं वाटलं, आणि चार-सहा तासांनी झोपेत पुन्हा छाती भरून आली, असं होतं. दुसरी लाट पहिलीपेक्षा हट्टी असते. आजीची पहाट तीच होती.

मास्ट पेशींतून प्रोस्टाग्लँडिन डी२ही निघतो. तोही श्वासनलिका आवळतो आणि अ‍ॅलर्जीच्या पेशींना हाका मारतो. त्याच्या हाकेला अडवणारी गोळी आली की दमा आटोक्यात येईल अशी मोठी आशा होती. फेविपिप्रँट नावाचं तसं औषध शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्यांपर्यंत पोचलं आणि २०१९ साली तिथेच थांबलं, कारण दम्याचे झटके पुरेसे कमी झाले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं होतं. पण यातून एक कळलं, एक हाक बंद केली तरी या पेशींना दुसऱ्या हाका ऐकू येत राहतात. स्फिंगोलिपिड म्हणून स्निग्ध रेणूंचं आणखी एक कूळ आहे. २००७ साली लहान मुलांच्या दम्याशी जोडलेलं एक जनुक सापडलं, त्याचा संबंध त्या कुळाशी निघाला. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता भांडणाकडे येते, आणि माझ्या एका चुकीकडे.

सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका रुग्णालयात रात्रपाळीला होते. चाळिशीतले एक गृहस्थ आले, भजनी मंडळात पेटी वाजवणारे. ओठ निळसर, वाक्य पुरं करता येत नाही, एकेक शब्द तोडून बोलतायत. ऑक्सिजन, नेब्युलायझर, शिरेतून स्टेरॉइड, सगळं केलं. पहाटेपर्यंत सावरले, दोन दिवसांनी घरी गेले. कागदावर लिहिलं, ‘दम्याचा तीव्र झटका’. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, ‘हवामान’.

तीन महिन्यांनी तेच गृहस्थ, तीच अवस्था, पाळी पुन्हा माझी. या खेपेला त्यांच्या पत्नीने पर्समधून गोळ्यांची अर्धी रिकामी पट्टी काढून माझ्यासमोर धरली. चांदीच्या कागदाला दोन भोकं पडलेली. त्या म्हणाल्या, ‘बाई, सप्ताहात मांडी घालून बसून यांचा गुडघा दुखतो. ही गोळी घेतली की तासाभरात असं होतं. गेल्या खेपेलाही मी सांगत होते.’ त्या सांगत होत्या आणि ऐकलं कोणीच नाही, त्यात मीही आले. ती गोळी साधी वेदनाशामक होती, कुठल्याही फार्मसीत चिठ्ठीशिवाय मिळणारी. मग मी बॅटरी घेऊन त्यांच्या नाकात बघितलं. दोन्ही नाकपुड्यांत सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, ओलसर गोळे. वास किती वर्षं येत नाही विचारलं, तर म्हणाले सहा-सात वर्षं. बाजारात नुस्तं, म्हणजे मासळी, ताजं आहे का हे बायकोला विचारावं लागायचं.

दमा, नाकातले असे गोळे म्हणजे पॉलिप, आणि वेदनाशामक गोळी न सोसणं, हे त्रिकूट वैद्यकाला फार वर्षांपासून माहीत आहे. फ्रान्समध्ये विडाल यांनी १९२२ साली त्याचं वर्णन केलं, अमेरिकेत सॅम्टर आणि बीअर्स यांनी १९६८ साली ते नीट मांडलं. प्रौढ दमेकऱ्यांत शंभरात सातएक जणांना हे असतं. मला पुस्तकात ठाऊक होतं, खाटेवर ओळखता आलं नाही.

गोळीने दमा कसा उसळतो? इथे जॉन व्हेन परत येतात. १९७१ साली त्यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जातीच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनची वाट बंद करतात, म्हणून वेदना कमी होते. पण सगळेच प्रोस्टाग्लँडिन वैरी नसतात. ई२ नावाचा एक आहे, तो श्वासनलिकेत राखणदारासारखा असतो. मास्ट पेशींना शांत ठेवतो आणि ल्युकोट्राइनच्या चुलीवर पाणी मारत राहतो. या त्रिकुटाच्या रुग्णांची सगळी भिस्त त्या राखणदारावर असते, कारण त्यांच्यात ल्युकोट्राइन आधीपासूनच जास्त असतात. गोळीने राखणदार गेला की चूल भडकते. अशा वेळी त्यांच्या लघवीत ल्युकोट्राइन ई४ चढलेला मोजता येतो. माझ्या रुग्णाला अ‍ॅलर्जी त्या गोळीची नव्हती, आयजीईचा इथे संबंध नाही. रसायनाची एक वाट बंद झाली आणि दुसरी दुथडी भरून वाहिली.

म्हणून हात जोडून सांगते, ज्यांना मोठेपणी दमा लागलाय, नाक कायम चोंदलेलं आहे, वास गेलाय, त्यांनी अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. साध्या मात्रेतली पॅरासिटामॉल अशांना बहुधा सोसते, पण तेही विचारून. ज्यांना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू आहे आणि काही त्रास नाही, त्यांनी माझं ऐकून ती परस्पर बंद करू नका, ते धोक्याचं आहे.

ल्युकोट्राइनला अडवणारं औषध तुमच्यातल्या अनेकांच्या घरी आहे. माँटेलुकास्ट. कॅनडातल्या माँट्रियल शहरात ते विकसित झालं म्हणून नावात ‘माँट’. अमेरिकेत १९९८ साली मंजुरी मिळाली. ल्युकोट्राइन स्नायूवरच्या ज्या कुलपाला लागतो, ते कुलूप हे औषध अडवून ठेवतं. व्यायामाने धाप लागणारे, दमा आणि नाकाची अ‍ॅलर्जी दोन्ही असणारे, आणि आमचे हे पेटीवाले, अशांना ते खरंच उपयोगी पडतं. पण माझ्याकडे येणाऱ्यांच्या पिशव्यांत मला ते साध्या सर्दीसाठी, महिनोन्महिने, लहान मुलांनाही चालू असलेलं दिसतं, आणि त्याची मला चीड येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. वाईट स्वप्नं, चिडचिड, उदासी, क्वचित जीव द्यायचे विचार. सगळ्यांना होत नाही. पण मूल रात्री ओरडत उठायला लागलं, वागण्यात फरक पडला, तर आईने ती गोळी आठवायला हवी आणि त्याच दिवशी डॉक्टरला कळवायला हवं. औषध देताना हे सांगितलं जात नाही, तो आमच्या धंद्याचा दोष आहे.

आणि दम्याचा पाया ही गोळी नाहीच. पाया म्हणजे श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड, आपण ज्याला पंप म्हणतो. ‘पंपाची सवय लागते’ हे मी रोज ऐकते. सवय लागते ती तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर विसंबून राहायची, कारण तो आवळलेली नळी सैल करतो आणि सूज तशीच ठेवतो. २०१९ पासून दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट सांगतात की प्रौढांनी नुसत्या आराम देणाऱ्या पंपावर राहू नये, सूज उतरवणारं स्टेरॉइड सोबत हवंच. ते बोलावून आणलेल्या इओसिनोफिलना आवरतं. ल्युकोट्राइन बनणं मात्र त्याने फारसं थांबत नाही, म्हणून काहींना पंप आणि गोळी दोन्ही लागतात.

समोरच्या एका काकींनी मघाशी चिठ्ठी पाठवली आहे, ‘बांगडा खाल्ल्याने दमा बरा होतो का?’ मासेमारीची बंदी उठलीय, बांगडे येतायत, प्रश्न वेळेवर आहे. आणि मला तो आवडला, कारण त्याच्यामागे एक सुंदर विज्ञान आहे.

आपण समजत होतो की सूज आपोआप विझते, लाकूड संपलं की आग विझते तशी. तसं नाही. सूज विझवावी लागते, आणि विझवणारे रेणूही स्निग्धच असतात. १९८४ साली चार्ल्स सेऱ्हान आणि सॅम्युएल्सन यांनी लायपॉक्झिन शोधले, त्याच अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून बनणारे. पुढे सेऱ्हान यांना रिझॉल्व्हिन सापडले, ते बनतात माशांच्या तेलातल्या ओमेगा-३ पासून. बांगडा, तारली यांच्यात हे तेल चांगलं असतं. तीव्र दम्याच्या रुग्णांत लायपॉक्झिन कमी पडतात असंही दिसलेलं आहे. म्हणजे दम्यात आग लावणारे जास्त आहेत एवढंच नाही, विझवणारे हातही अपुरे आहेत.

मग बांगडा? डेन्मार्कमध्ये ७३६ गर्भवती बायकांवर एक चाचणी झाली, २०१६ साली प्रसिद्ध झाली. चोविसाव्या आठवड्यापासून बाळंतपणानंतर आठवडाभर निम्म्या जणींना रोज २.४ ग्रॅम माशाच्या तेलातलं ओमेगा-३ दिलं, बाकीच्यांना ऑलिव्हचं तेल. दुसऱ्या गटातल्या मुलांत टिकून राहणारी घरघर किंवा दमा शंभरात २३.७ जणांना झाला, पहिल्या गटात १६.९. सर्वांत जास्त फायदा झाला तो ज्या आयांच्या रक्तात हे तेल मुळातच कमी होतं त्यांच्या मुलांना. रोज हुमण जेवणाऱ्या घराला तोच हिशेब लागू होईल असं मी म्हणणार नाही. आणि दमा एकदा जडल्यावर तेलाच्या गोळ्यांनी तो हटतो, असं चाचण्यांतून ठामपणे निघालेलं नाही. तेव्हा काकी, बांगडा जरूर खा, मासे न खाणाऱ्यांनी मन खट्टू करू नका, आणि पंप कोणीच सोडू नका.

पेटीवाल्यांचं काय झालं ते राहिलं. नाकातले गोळे शस्त्रक्रियेने काढले, ते पुन्हा वाढू नयेत म्हणून नाकात स्टेरॉइडचा फवारा, छातीसाठी पंप, रात्री माँटेलुकास्ट. काही ठिकाणी अशा रुग्णांना देखरेखीखाली थोडी थोडी अ‍ॅस्पिरिन देऊन ती सोसायची सवयही लावतात, यांना त्याची गरज पडली नाही. कोणत्या गोळ्या चालत नाहीत त्याची यादी मी त्यांना देवनागरीत लिहून दिली. ती त्यांनी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आहे, भजनाला जाताना पेटी बरोबर असतेच म्हणून.

शस्त्रक्रियेनंतरच्या नागपंचमीला त्यांचा फोन आला. मला वाटलं त्रास सुरू झाला. ते म्हणाले, ‘बाई, आज चुलीवर पातोळ्या आहेत. मी बाहेर पडवीत बसलोय आणि हळदीच्या पानांचा वास इथपर्यंत येतोय.’